म्हशीपुढं वाचला पेपर

बाई,

तुमच्या घराच्या जागी अपार्टमेंट उभं राहिलं, आता त्याचाही रंग उडाला, इतकी वर्षं तुम्हाला जाऊन झाली. तरी परवा तुमची आठवण निघाली आणि ती निघाली माझ्या लेकीच्या फोनमुळं. तिच्या फोनमध्ये सवयी लावणारं एक अ‍ॅप आहे. पाणी प्यायलात का, चाललात का, लवकर उठलात का, असं ते दिवसभर विचारत असतं. माझी आई विचारायची तसंच, फक्त लाटणं न उगारता. लेक मला म्हणाली, "पप्पा, नुसतं ठरवून काही होत नाही. अकाउंटेबिलिटी पार्टनर लागतो. आपण आज केलं की नाही, हे विचारणारं कुणीतरी. तुम्हाला लहानपणी होतं का असं कुणी?" मी म्हटलं, "होतं की." "कोण?" मी म्हटलं, "म्हैस." ती हसली नाही. तिला वाटलं, मला दुसरंच काही म्हणायचं होतं, ते अडकलं म्हणून मी जवळचा सोपा शब्द उचलला. बाई, तुम्ही असतात तर तिला सांगितलं असतं की 'म' माझ्यासाठी कधीच सोपा नव्हता.

सातवीत तुम्ही आमच्या वर्गावर आलात तेव्हा माझा सगळा जीव 'हजर' या एका शब्दात अडकलेला असायचा. बाकीच्या मास्तरांनी त्यावर तोडगा काढला होता. माझा नंबर आला की मी हात वर करायचा आणि त्यांनी पुढं जायचं. त्यात दया होती आणि ती मला सोयीची होती. तुम्ही हजेरी तासाच्या शेवटी घ्यायचात, म्हणजे पोरं मधेच पळायला नकोत. पहिल्याच दिवशी माझा वर केलेला हात बघून तुम्ही म्हणालात, "हात कशाला? छत्री धरली आहेस का?" मग पेन खाली ठेवलंत, चष्मा काढून पदरानं पुसायला घेतलात आणि वाट बघत बसलात. माझं "ह, ह, ह" सुरू झालं. मागच्या बाकावरून कुणीतरी "इंजान तापालंय" म्हणालं. तुम्ही त्याला उभं केलंत, पण मला बसवलं नाहीत. एकदा तर घंटा झाली, पोरं दप्तरं आवरायला लागली आणि त्या गलक्यात माझा 'हजर' बाहेर पडला. तुम्ही दारापर्यंत गेला होतात. मागं वळून म्हणालात, "आलास? बस आता."

तुमच्याकडं दोन मराठी होत्या. वर्गात कुणी 'न्हाय' म्हटलं की तुम्ही "नाही! ना-ही!" असं फळ्यावर डस्टर आपटून म्हणायचात, खडूची धूळ पहिल्या बाकापर्यंत यायची. शाळेचं फाटक ओलांडलं की तुमचं शिरोळचं माहेर तोंडात यायचं. आमच्या घरापलीकडंच तुमचं घर होतं, त्यामुळं गल्लीत भेटलात की, "कुठं चाललाईस रं खुळ्या, अनवाणी?" अशी हाक मला रोज ऐकू यायची. मला वर्गातल्या बाईंची भीती वाटायची आणि गल्लीतल्या बाईंची जास्त.

माझ्या बापाचं, दादांचं, तुम्हाला माहीतच आहे. गूळ मार्केटात अडतीचं दुकान, आणि सगळा धंदा गळ्यावर. शेतकऱ्याच्या गुळाचे रवे, त्या मोठ्या ढेपा, मांडायच्या, भोवती व्यापारी जमवायचे आणि लिलावाचा सौदा ओरडून काढायचा. दादा घरातसुद्धा सौदा काढल्यासारखंच बोलायचे. आईला "भाजीत मीठ कमी हाय" म्हणाले तरी शेजारचे आपापल्या भाज्या चाखून बघायचे. अशा माणसाच्या पोटी मी. एक दिवस ते आईला म्हणाले, "ह्याला हातकणंगल्याला मामाच्या वखारीत टाकू. लाकडं लावायची, उचलायची. बोलायचं काम न्हाय." त्यांनी ते हळू सांगितलं असं त्यांना वाटलं असणार. तुम्ही तुमच्या ओट्यावर तांदूळ निवडत होतात. तुम्ही सूप बाजूला ठेवलंत, कुंपणाशी आलात आणि दादांना काही न बोलता मला म्हणालात, "उद्या सकाळी कट्ट्यावर ये. पेपर घेऊन ये."

आमच्या पेठेच्या कोपऱ्यावरचा तो दूध कट्टा. सकाळी गवळी म्हशी आणून रस्त्याच्या कडेला उभ्या करायचे आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत पेल्यात धार काढायचे. तालमीतले पैलवान, पेन्शनीतली म्हातारी माणसं आणि त्या सगळ्यांत पदर खोचून उभ्या राहणाऱ्या एकट्या तुम्ही. तुम्हाला तिथं हटकायची कुणाची छाती नव्हती, कारण निम्म्या पैलवानांना तुम्ही बाराखडी शिकवली होती. दुसऱ्या दिवशी मी दादांचा पेपर काखेत मारून गेलो. तुम्ही एका वाकड्या शिंगाच्या म्हशीकडं बोट केलंत. "हिच्यापुढं वाच."

गवळी धार काढायला उकिडवा बसला होता. तो तसाच मान वळवून म्हणाला, "बाई, हे काय नवीन? माझ्या म्हशीला बातम्या कशाला?"

"निस्ती उभी ऱ्हाती," तुम्ही म्हणालात, "दोन शब्द कानावर पडलं तर काय शिंगं गळून पडत न्हाईत तिची." आणि मला म्हणालात, "माणसांसमोर तुला घाई हुतीया. हिला काय घाई न्हाय. आन् एक ध्यानात ठेव. अडलास तर शब्द बदलायचा न्हाय. तिथंच उभा ऱ्हा. पळायचं न्हाय."

मी वाचायला लागलो. पहिल्याच ओळीत 'महापालिका' होतं. मी 'म'वर उभा राहिलो आणि उभाच राहिलो. मी अडलो की समोरच्या माणसाच्या तोंडावर एक भाव येतो. ओठ जरा पुढं येतात, मान हलायला लागते, जणू माझ्या शब्दासाठी तोच बाळंत होणार आहे. म्हशीच्या तोंडावर तो भाव आला नाही. तिनं माझ्याकडं बघितलं, कान हलवून माशी उडवली आणि रवंथ चालू ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझी वाट बघत नव्हतं. महापालिका आपोआप आली. त्यानंतर तुम्ही म्हणालात, "उद्या पुन्हा." शाबासकी नाही, काही नाही. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालात, तिसऱ्या दिवशीही तेच. तुमच्या शिकवण्यात एवढे दोनच शब्द होते असं आता वाटतं.

मग मी रोज जायला लागलो. हौशीनं नव्हे, न गेलो तर तुम्ही गल्लीतून हाक माराल म्हणून. हळूहळू माझ्याभोवती श्रोते जमले. एक पैलवान होता, उंबऱ्यातून तिरका होऊन यावा लागेल एवढा. त्याला वाचता येत होतं, पण सकाळी सकाळी डोळ्यांना त्रास नको असं त्याचं म्हणणं. त्याला फक्त कुस्त्यांचे निकाल पाहिजे असायचे आणि मी नेमका 'कु'वर थांबायचो. "कु, कु, कु..." आजूबाजूची माणसं चुळबुळ करायची. तो पैलवान मात्र मिशीचा फेस पुसत म्हणायचा, "सावकाश वाच, बाळ. कुस्ती काल झालीया. निकाल काय आता बदलत न्हाय." बाई, मी आजवर बोलण्याविषयी पुष्कळ सल्ले ऐकले. त्याच्याइतका शहाणा एकही नव्हता.

आणि मग ती दांडी. थंडीचे दिवस. आईची वाकळ इतकी ऊबदार लागत होती की मी ठरवलं, आज आपल्याला ताप आहे. डोळे मिटून पडलो. थोड्या वेळानं दारावर अशी थाप पडली की ताकाचं भांडं फळीवरून खाली आलं. दादा तोंडात ब्रश घेऊन बनियनवर दार उघडायला गेले. बाहेर गवळी. "पोरगं कुठाय तुमचं?"

"का? काय केलं त्यानं?"

"केलं न्हाय म्हणूनच आलोय. वाचलं न्हाय त्यानं आज. म्हस पान्हावंना!"

मी वाकळेतून डोकं बाहेर काढून खिडकीतून बघितलं. गवळ्याच्या मागं ती वाकड्या शिंगाची म्हैस. म्हशीच्या मागं रिकामा पेला धरलेला पैलवान, त्याच्या मागं पेन्शनर मंडळी आणि सगळ्यांत शेवटी तुम्ही, हातात घड्याळ, कपाळाला आठ्या. दादा ब्रश तोंडात ठेवूनच म्हणाले, "गाढवापुढं गीता ऐकलीया मी. म्हशीपुढं पेपर पहिल्यांदाच ऐकालोय." तुम्ही मागूनच ओरडलात, "ते नंतर ऐका! आधी पोराला भाईर काढा. शाळा भरायची वेळ झाली, आन् माझ्या पोटात अजून दूध न्हाय!"

मी वाकळ पांघरून दारात आलो. दादांनी पेपर माझ्या हातात दिला. तोवर त्यांनी मला मोठ्यानं वाचताना कधी ऐकलं नव्हतं, आणि आता अख्खी गल्ली ऐकायला उभी होती. बातमी पाणीपुरवठ्याची होती. मी 'पा'वर अडलो. "पा... पा... पा..." शब्द बदलावा असं फार वाटलं, 'नळ' म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण तुम्ही तिथं उभ्या होतात. मी 'पा'वरच उभा राहिलो. तेवढ्यात खाली बसलेला गवळी आनंदानं ओरडला, "पान्हा! आला, आला, पान्हा आला!" गल्लीत जो हशा पिकला, त्यात मीही हसलो. माझ्या अडण्यावर सगळे हसत होते आणि मीही त्यांच्यात होतो, असं पूर्वी झालं नव्हतं. हसून झाल्यावर 'पाणीपुरवठा' सरळ आला. दादा तसेच उभे, तोंडातला फेस हनुवटीवर आलेला. सगळे गेल्यावर ते आत येऊन आईला एवढंच म्हणाले, "वाकळ धू. म्हस तोंड लावून गेलीया." वखारीचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

मला पुढं कितीतरी वर्षं वाटत होतं की हा सगळा तुमचा डाव. गवळ्याला तुम्हीच शिकवून पाठवलं असणार. मोठा झाल्यावर मी त्याला एकदा विचारलं. तो असा दुखावला की त्यानं पेला खाली ठेवला. "म्हशीबद्दल खोटं बोलीन व्हय मी? धंदा हाय माझा! तिला तुझा आवाज लागायचा, बास." आणि तुम्ही? तुम्ही खरोखरच दुधासाठी आला होतात. उशीर झाला म्हणून चिडला होतात. हे कळल्यावर मला जरा वाईट वाटलं आणि मग फार बरं वाटलं. माझ्या भल्यासाठी येणाऱ्या माणसाला मी फसवू शकलो असतो. तसं मी पुष्कळांना फसवलं. पण ज्याचं दूध अडलंय त्याला कसं फसवणार? दहावी पास झालो तेव्हा तुम्ही सरकी पेंडीचं पोतं आणलंत आणि म्हशीपुढं ठेवलंत. मी आशेनं तुमच्या दुसऱ्या हाताकडं बघितलं. तो रिकामा होता. "तुला पेढे तुझी आई दील की," तुम्ही म्हणालात. "हिला कोण देनार?"

माझं अडणं गेलं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी त्याच्यासकट बोलायला शिकलो. दादांचा गळा बसला तेव्हा मी मार्केटात पहिला सौदा काढायला उभा राहिलो. भाव पुकारताना मी मधेच अडायचो, आणि गंमत अशी झाली की व्यापाऱ्यांना वाटायचं, हा कुणाच्या तरी चढ्या भावाची वाट बघतोय. मी 'प'वर उभा असताना एक जण बोली वाढवायचा, तो वाढवतोय म्हणून दुसरा. माझा शब्द सुटेपर्यंत भाव वर गेलेला असायचा. शिरोळकडचे शेतकरी गाडी लावतानाच दादांना सांगायला लागले, "आमचा सौदा त्या अडणाऱ्या पोरालाच काढू दे." दादा हे बसलेल्या गळ्यानंही जगाला ओरडून सांगायचे. तुम्ही एकदा गूळ घ्यायला म्हणून आलात आणि गर्दीच्या मागं उभ्या राहून ऐकलंत. मला वाटलं, आता तरी पाठीवर हात पडेल. तुम्ही गुळाचा खडा तोंडात टाकलात आणि म्हणालात, "'हजार'मधला 'ह' खातोस. उद्यापासून नीट म्हण."

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही गेलात. दुसऱ्या दिवशी मी कट्ट्यावर गेलो. वाकड्या शिंगाची ती म्हैस केव्हाच गेली होती, तिची नात उभी होती. पेपरात तुमच्या निधनाची बातमी होती, कोपऱ्यात, छोटी. मी ती वाचली. एकाही अक्षरावर अडलो नाही. बाई, मला त्याचा इतका राग आला की मी ती पुन्हा वाचली, कुठंतरी अडावं म्हणून. अडलो नाही.

हे सगळं लेकीला सांगितल्यावर तिनं एकच प्रश्न विचारला, "मग ती सवय तुटली कशी?" तुटली तशीच, बाई, जशी सगळ्यांची तुटते. आधी कट्टा आटला. मग मार्केटात भावाचे आकडे दाखवणारे पडदे आले. आता बरेच सौदे संगणकावर होतात. व्यापारी बोटानं भाव टाकतात आणि सगळं इतकं शांत असतं की गुळावरच्या माश्या ऐकू येतात. मला बोलायची गरजच राहिली नाही. आधी सकाळचं वाचन सुटलं, मग फोन. गॅससाठी फोन केला की पलीकडून यंत्र म्हणतं, "कृपया आपले नाव सांगा." मी पहिल्या अक्षरावर उभा राहतो तोवर ते म्हणतं, "क्षमस्व, आम्हाला ऐकू आले नाही," आणि बंद होतं. त्याला म्हशीइतकासुद्धा धीर नाही. शेतकरी "हॅलो, हॅलो, रेंज न्हाय वाटतं," म्हणून ठेवून द्यायचे. मग मी नुसते अंगठे पाठवायला लागलो. भाव पटला, अंगठा. कुणाला मुलगा झाला, अंगठा. एकदा तर कुणी गेल्याच्या निरोपावर अंगठा गेला, तो बायकोनं धावत येऊन पुसायला लावला.

याची किंमत लेकीनं मोजली. तिचं जमत आलं होतं. मुलगा तिनंच पसंत केलेला, तिच्याच ऑफिसातला, गाव गगनबावडा. त्याच्या घरचे बोलणी करायला आले. मी चहा दिला, मान हलवली, हसलो. जिथं शब्द पाहिजे होता तिथं सुपारी पुढं केली. तासभर मी तोंड उघडलं नाही आणि मनातल्या मनात स्वतःवर खूश होतो, की चला, अडलो नाही. दोन दिवसांनी मध्यस्थाचा फोन आला. मुलाचे वडील म्हणत होते, "पावण्यांच्या मनात न्हाय वाटतं. तोंड उघडायलासुद्धा तयार न्हाईत. आमाला काय गरज पडलीया?" लेक माझ्यापुढं येऊन उभी राहिली. ओरडली नाही, त्यामुळं मला जास्त लागलं. "पप्पा, तुम्ही अडला असतात ना, तरी चाललं असतं," ती म्हणाली. "तुम्ही आलाच नाहीत तिथं."

म्हणून ते अ‍ॅप. तिनं ते तेव्हाच माझ्याही फोनवर चढवून दिलं. रोज सकाळी मोठ्यानं वाचायचं आणि झालं की हिरव्या बटणावर बोट ठेवायचं. पहिले काही दिवस मी प्रामाणिकपणे वाचलं. मग एकदा आधी बटण दाबलं आणि वाचू म्हटलं. पडद्यावर फुलं पडली, टाळ्या वाजल्या, "अभिनंदन, तुम्ही अप्रतिम आहात!" एवढं झाल्यावर कोण वाचतो? त्यानंतर मी पांघरुणातूनच अप्रतिम व्हायला लागलो. घोरता घोरता शाबासकी घेतली. तुम्ही उभ्या जन्मात मला जेवढं चांगलं म्हणाला नाहीत, तेवढं त्या फोननं आठवड्यात म्हटलं आणि माझा 'ह' होता तिथंच राहिला.

आता मी राहतो त्या इमारतीत खालच्या मजल्यावर अण्णा राहतात. शिरोळकडचे जैन, खताचं दुकान मुलांवर सोपवून इथं राहायला आलेले. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेले, आणि ऑपरेशनला घाबरून तारखा पुढं ढकलणं चाललेलं. एकदा जिन्यात मला धरून म्हणाले, "अवो, पेपर वाचून दावता का जरा? सून वाचती, पण निस्तं राशिभविष्य वाचती. ऊस किती गेला, नदीला पाणी किती, काय कळंना झालंय." मला नाही म्हणायचं होतं, पण 'न'वर अडलो. तेवढ्यात त्यांनी खुर्ची सरकवली. मी वाचलं. अडलो तिथं अण्णा कानाची पाळी पुढं ओढून बसले. त्यांना वाटत होतं, ऐकू न येण्याचा दोष त्यांचाच. दुसऱ्या दिवशी मी गेलो नाही. तर हे अपार्टमेंटच्या अंगणात उभे राहून वर बघत ओरडताहेत, "अवो पावणं! पेपर शिळा व्हायला लागलाय की!" सगळ्या गॅलऱ्यांत माणसं आली. मी चप्पल न घालता खाली पळालो. त्यानंतर दांडी नाही. अण्णा टाळ्या वाजवत नाहीत, अप्रतिम म्हणत नाहीत. बातमी आवडली नाही तर उलट मलाच शिव्या देतात, जणू ती मीच छापली.

चार महिने असं गेल्यावर एका रविवारी मी कुणालाही न सांगता गगनबावड्याची एसटी धरली. तिथं पाऊस कसा असतो तुम्हाला सांगायला नको. छत्री उघडण्यापेक्षा मिटूनच ठेवली तर ती तरी कोरडी राहते. मुलाच्या घरी गेलो. वडील पुढच्या सोप्यात बसले होते, उठले नाहीत. "बसा," म्हणाले. मी बसलो आणि 'मला'च्या 'म'वर अडलो. जबडा घट्ट झाला, डोळे मिटले. मी शब्द बदलला नाही. आतून मुलाची आई येऊन दारात उभी राहिली. चहावर साय धरली. बऱ्याच वेळानं वडील म्हणाले, "बोला की, पावणं. आमाला घाई न्हाय. ह्या पावसात तुमी तरी कुठं जाताय?"

"मला बो-बोलताना अडतं," मी म्हटलं. "त्या दिवशी ला-लाज वाटली. म्हणून ग-गप्प बसलो. पोरगी चां-चांगली आहे माझी. त्यात तिची चूक नाही."

वडील मांडीवर थाप मारून म्हणाले, "हात्तीच्या! मग हे आधी सांगायचं न्हाय व्हय? आमी इथं चार महिनं डोकी फोडालोय, आपलं काय चुकलं म्हणून! ह्या बाईनं तर ठरवलं, तिनं केलेली भजी तुमाला आवडली न्हाईत." दारातून आवाज आला, "मी न्हाय, तुमीच म्हणालता!" आणि मग ती मला म्हणाली, "आमच्यात बोलणारीच लई झालीत, दादा. तुमी या." मी तिथं जेवलो. एसटी चुकली. वडिलांनी दुसऱ्या गाडीसाठी जीपनं स्टँडवर सोडलं आणि वाटेत इतकं बोलले की मला अडायलासुद्धा संधी मिळाली नाही. लग्न दिवाळीनंतर आहे.

अण्णांचं ऑपरेशन झालं. आता त्यांना दूरची एसटीची पाटीसुद्धा वाचता येते. मला वाटलं, सुटलो. मी म्हटलंही, "अण्णा, आता तु-तुम्हीच वाचा." ते म्हणाले, "दिसतंय की मला. पण वाचायचं काम तुमचं हाय. माझं ऐकायचं."

हे पत्र तुम्हाला कुठं पाठवायचं, ते मला ठाऊक नाही आणि पाठवणारही नाही. पण एक सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही चष्मा पुसत वाट बघत बसाल. सकाळपासून मी हे लिहितोय ते तुमची फार आठवण आली म्हणून नाही. आज खाली जायचा कंटाळा आला. काहीतरी महत्त्वाचं लिहितोय असं बायकोला सांगून बसलो, म्हणजे तीही काही म्हणणार नाही. आता दाराची बेल वाजतेय. अण्णा आहेत, बेलवर असं बोट ठेवून फक्त तेच उभे राहतात. आतून बायको विचारतेय, "घरात नाही म्हणून सांगू का?"

बाई, मी अजून तिला काही उत्तर दिलेलं नाही.